हरू द्या, पण आम्हालाच हरू द्या

मुंबईच्या पावसाळी कांगा क्रिकेट लीगमध्ये खेळणाऱ्या एका मैदान क्लबाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,
स. न. वि. वि.

गेल्या बैठकीत आपल्या कांगा लीग संघाबद्दल दोन सूचना आल्याचे कळले. एक, उरलेल्या सामन्यांना वॉकओव्हर देऊन, म्हणजे ते न खेळताच सोडून, यंदाचा सीझन आटोपता घ्यावा. दोन, एका कोचिंग अकॅडमीने विचारणा केलीच आहे, तर पुढच्या वर्षापासून संघ तिच्याकडे सोपवावा. नाव आपले, मुले त्यांची, खर्चही त्यांचाच. दोन्ही सूचनांना कारण एकच दिले गेले: हा संघ नुसता हरतो.

हरतो, यात वाद नाही. सीझन सुरू झाल्यापासून एकही सामना जिंकलेला नाही आणि एफ गटाच्या, म्हणजे शेवटून दुसऱ्या गटाच्या, तक्त्यात आपले नाव खालूनच शोधावे लागते. तरी संघाचा कर्णधार म्हणून हे पत्र बंद पाकिटात सचिवांच्या हाती न देता उघड लिहितो आहे, कारण असा विचार करणारी आपली एकच कार्यकारिणी नाही. आझाद मैदानाच्या कडेला चहा घ्यायला उभे राहिले की शेजारच्या क्लबांच्या तंबूंतूनही हीच कुजबुज कानावर येते. त्यांनीही वाचावे.

आधी आपण हरतो कसे ते सांगतो. बैठकीत स्कोअरबुक कोणी उघडले नाही, असे ऐकले.

पहिले दुखणे कॅचचे. ओल्या विकेटवर, म्हणजे खेळपट्टीवर, बॉलिंग करायला आपल्याकडे माणसे आहेत. आपला डावखुरा स्पिनर पोट सुटले तरी अजून भल्याभल्यांना क्रीजमध्ये नाचवतो. समोरचा संघ सत्तरीच्या आत सात बाद, अशी वेळ यंदाही आली होती. पण शेपटाने, म्हणजे त्यांच्या शेवटच्या बॅट्समननी, आपल्याला मैदानभर पळवले, कारण स्लिपमध्ये एक सुटला, गलीत एक सुटला आणि मिडऑनला तर हातात आलेला पडला. ओला चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटतो हे खरे, पण समोरच्या संघालाही तोच चेंडू मिळतो आणि ते पकडतात. ते आठवड्यातून दोन संध्याकाळी कॅच घेतात. आपण रविवारी सकाळी टॉसच्या आधी दहा मिनिटे घेतो, तेही सगळे आले असले तर.

दुसरे दुखणे बॅटिंगचे. ज्यांनी कांगाचे मैदान पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. आपल्यापैकी जे तिथेच वाढले त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. पावसाळ्यात आउटफिल्डचे गवत घोटा बुडेल इतके वाढते, कुठे कुठे त्याहून वर. देखणा कव्हर ड्राइव्ह मारला तरी चेंडू थोड्या अंतरावर गवतात रुतून बसतो आणि पदरात पडते एक धाव. कधी चेंडू सापडत नाही म्हणून तीन निघतात. खालून मारलेला चौकार इथे विरळा. विकेट उघडी, झाकलेली नसते, त्यामुळे एक चेंडू घोट्यावर येतो आणि तसाच टाकलेला दुसरा हनुवटीवर. इथे चेंडू उचलून मारावा लागतो, मोकळी जागा हेरून मारावा लागतो, आणि शंभर धावा झाल्या की त्या भक्कम समजायच्या. आपले वरचे दोघे वर्षभर ऑफिसच्या टी-ट्वेंटी स्पर्धा खेळतात. तिथे कोरडे मैदान, जवळ आणलेल्या सीमारेषा, बॅटवर येणारा चेंडू. तीच बॅट घेऊन ते इथे फ्रंटफूटवर येतात आणि चेंडू यायच्या आधीच स्ट्रोक संपलेला असतो. शॉर्ट कव्हरला झेल. पुढचे तिघे त्यांच्या मागोमाग. नव्वदीच्या आसपासच्या लक्ष्यापुढे आपण पन्नाशीही गाठली नाही, त्यामागे एवढेच आहे. समोरचे बॉलर काही भयंकर नव्हते.

एकाच सामन्यात आपण खरोखर वरचढ होतो. त्यांचा अर्धा संघ गेला होता, विकेट आमच्या डावखुऱ्याला हवी तशी फिरत होती. जेवणानंतर पाऊस आला तो संध्याकाळपर्यंत हटला नाही. लीगच पावसातली, मग गाऱ्हाणे कोणाकडे घालायचे?

तिसरे दुखणे खरे आहे आणि त्यात खेळाडूंचा दोष कमी आहे. आपल्याला अकरा माणसे मिळत नाहीत. यादीत वीस नावे आहेत, पण रविवारी सकाळी नाणे उडते तेव्हा कधी नऊ उभे असतात, कधी दहा. याला आळस म्हणणे सोपे आहे. आपला क्लब लालबाग-परळच्या चाळींतून उभा राहिला. ज्येष्ठ सभासद सांगतात की गिरणीची पाळी करून माणसे थेट मैदानावर यायची, घर-गिरणी-मैदान सगळे हाकेच्या अंतरावर. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, मग हळूहळू चाळी गेल्या. त्या खेळाडूंची मुले आज बदलापूर, विरार आणि पनवेलला राहतात. आपला विकेटकीपर पनवेलचा आणि रविवार हा हार्बर लाइनच्या मेगाब्लॉकचा ठरलेला वार. पॅड, ग्लोव्ह्ज, दोन बॅटी भरलेले किट खांद्यावर घेऊन गाडी, बस, पुन्हा गाडी असे करत तो येतो आणि आल्या आल्या बाय सोडला म्हणून शिव्या खातो. बहुतेक माझ्याच.

मैदानाचेही तेच. आझाद मैदानावर २२ विकेट्स आहेत. एका सामन्याचा थर्डमॅन दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो, ही त्या जागेची जुनी गंमत. मेट्रोच्या कामासाठी मैदानाचा तुकडा पत्र्याआड गेला तो वर्षानुवर्षे तसाच राहिला. जागा आटली की नेट मिळवण्यासाठी पैसे मोजणारा पुढे जातो आणि आपल्यासारखा मागे राहतो.

बैठकीत आमची बाजू घेताना एक सभासद म्हणाले म्हणे, भारतालाही पहिला कसोटी विजय मिळायला वीस वर्षे लागली, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर सुरुवात आणि १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडवर विजय. त्यांचे आभार, पण हा दाखला आम्हाला नको. विजय हजाऱ्यांच्या त्या संघात विनू मांकड होते. मद्रासच्या त्या सामन्यात त्यांनी बारा बळी घेतले. आमच्यात मांकड नाही आणि वीस वर्षांनी येणारही नाही. उद्या आपण जिंकू म्हणून आज आम्हाला राहू द्या, असे या पत्राचे म्हणणे नाही. यंदा आपण बहुधा आणखी हरू आणि जी गटात उतरू. तरीही वॉकओव्हर देऊ नका आणि संघ दुसऱ्याच्या हाती देऊ नका, एवढेच मागणे आहे.

डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही लीग १९४८ मध्ये सुरू झाली. एपासून जीपर्यंत सात गट, गटात चौदा संघ. वरच्या गटांत दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना यांच्यासारखी नावे गाजली. गावसकर, वाडेकर, वेंगसरकर या चिखलात खेळले. सचिन तेंडुलकरने शाळकरी वयात इथे पहिला सामना खेळला. ही नावे आपण वार्षिक समारंभात घेतो, अहवालाच्या मुखपृष्ठावर छापतो. पण ही रचना चालते ती वरच्या संघांच्या जिवावर नाही. प्रत्येक गटाच्या तळाशी कोणीतरी असते आणि सीझन संपला की खाली जाते, म्हणून खालच्या कोणाला तरी वर यायला जागा होते. यंदा ते काम आपल्या वाट्याला आले आहे. त्यात लाजण्यासारखे काय, हे मला खरेच कळलेले नाही.

आता वॉकओव्हरबद्दल. ज्या साली कांगा लीग सुरू झाली त्याच साली डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यात रणजी सामना झाला. काठियावाडच्या २३८ ला उत्तर देताना महाराष्ट्राने ४ बाद ८२६ केल्या. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम मोडायला दहा धावांची गरज. मधली सुट्टी झाली आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे संस्थानिक ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार देऊन सामना सोडला. आपल्या संघाविरुद्ध तो विक्रम व्हायला नको होता. निंबाळकर ४४३ वरच राहिले. पुढे त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

काठियावाडचा तो पराभव आज कोणाच्या लक्षात आहे? आठशे धावा खाणारे संघ पुष्कळ झाले. लक्षात राहिले ते सामान बांधून निघून जाणे. आणि नुकसान झाले ते समोरच्याचे.

याच्या उलट एक गोष्ट आपल्याच मैदानावर घडली, नोव्हेंबर २०१९ मध्ये. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत अंधेरीच्या एका शाळेविरुद्ध समोरच्यांनी ७६१ धावा केल्या. उत्तरात त्या शाळेचा डाव ७ धावांत संपला आणि सातही धावा अवांतर होत्या. म्हणजे एकाही मुलाच्या नावावर एक धाव नाही, ७५४ धावांनी हार. देशभर बातमी झाली, लोक हसले. कोवळी पोरे ती. पण डोंगराएवढे लक्ष्य समोर दिसत असताना एकामागून एक बॅट घेऊन आत गेली आणि सामना पुरा झाला. ठाकूरसाहेबांपेक्षा ती मुले मला क्रिकेटच्या अधिक जवळची वाटतात. आपण चाळिशी-पन्नाशीची माणसे, त्यांच्याइतके तरी करू.

वॉकओव्हरची आणखी एक बाजू आहे, ती बैठकीत निघाली नसावी. आपल्यासमोर येणाऱ्या संघात एखादा एकोणीस वर्षांचा ऑफस्पिनर असतो. तो डोंबिवलीहून पहाटे निघालेला असतो. आपल्याला बाद करून पाच बळी मिळाले तर सोमवारी वर्तमानपत्राच्या बारीक अक्षरांच्या रकान्यात त्याचे नाव येते, वरच्या गटातल्या एखाद्या कर्णधाराच्या नजरेत ते पडते. आपण आलोच नाही तर त्याला गुण मिळतात, पण ते संघाला. त्याची रविवारची बॉलिंग वाया जाते. वर्षभरात या पोरांना असे किती रविवार मिळतात? त्यात पाऊस निम्मे खातो. आम्ही वाईट खेळलो तरी निदान त्याच्या बॉलिंगला बॅट लावायला उभे राहू. बहुधा चुकूनच लागेल.

अकॅडमीचा मुद्दा मात्र इतका सोपा नाही. खजिनदारांची अडचण मला ठाऊक आहे. चेंडूंचा खर्च, पंचांचे मानधन, तंबूची डागडुजी, रोलरची दुरुस्ती. माळीकाकांचा पगार थकला होता तेव्हा दोघा सभासदांनी खिशातून भरला, हेही जाणतो. पूर्वी कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या. मफतलाल, निर्लॉन यांच्यासारख्यांचे संघ कंपन्यांची टाइम्स शील्ड स्पर्धा गाजवायचे, आणि तिथला माणूस रविवारी आपल्या क्लबातून खेळायचा, किटही स्वतःचे आणायचा. ते दिवस गेले. अकॅडमी पैसे देईल. तिची मुले चपळ आहेत, आमच्यापेक्षा दुप्पट पळतील, कदाचित दोन-तीन वर्षांत आपले नाव डी गटात दिसेल. यातले काहीही मी नाकारत नाही.

पण मग त्या संघाचा आणि आपला संबंध काय उरेल? अकरा जागा अकॅडमीच्या यादीतून भरल्या जातील. त्या यादीत नाव कोणाचे, हे तिथली फी भरू शकणारा बाप ठरवील की आपला कर्णधार? आपल्याकडे आज जो सतरा वर्षांचा पोरगा आहे, रिक्षाचालकाचा, जो तंबूत सगळ्यांच्या आधी येऊन भुसा पसरतो आणि नवव्या क्रमांकावर येऊन यंदा आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा जास्त धावा करून बसला आहे, त्याने कुठे जायचे? तो अकॅडमीत जाऊ शकत नाही. एफ गटातल्या हरणाऱ्या संघात मात्र त्याला दर रविवारी बॅट मिळते. (त्याला वर आणायला हवे हे मलाही कळते. पुढच्या सामन्यात तो वन डाऊन येईल. ज्यांचा क्रमांक जाईल त्यांनी रागावू नये.)

आणि एक गोष्ट स्पष्टच बोलतो. मैदान क्लबाला मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या निवडणुकीत मत असते. २०११ मध्ये त्या निवडणुकीत ११६ कसोटी खेळलेले दिलीप वेंगसरकर विलासराव देशमुखांकडून हरले. कोण योग्य होते हा वाद मला नको, पण त्या खुर्चीसाठी किती मोठी माणसे उतरतात आणि आपल्यासारख्या फाटक्या तंबूच्या मताला किती भाव असतो, हे तेव्हा साऱ्या मैदानाने पाहिले. संघ दुसऱ्याचा, मैदानावर एकही सभासद नाही, फक्त दर निवडणुकीला मत टाकायला प्रतिनिधी जातो, असा क्लब कागदावर सुखाने चालू शकतो. आपल्याला तसे व्हायचे असेल तर तेही ठरवावे, पण ते ठरवताना आमच्या हरण्याची सबब पुढे करू नये.

वयाबद्दलही बोलणे झाले. संघात चाळिशी ओलांडलेले चौघे आहेत, मी त्यांतला एक. पद्माकर शिवलकर ४७ व्या वर्षी मुंबईकडून रणजी खेळायला परतले होते. हे वाक्य मी आमच्या डावखुऱ्यासमोर मुद्दाम म्हणत नाही, नाहीतर तो आणखी दहा वर्षे हटणार नाही. गंमत सोडा. चौघांपैकी दोघांनी सीझनअखेर थांबायचे आधीच कबूल केले आहे. मीही स्लिपमधून निघून मिडऑफला उभा राहणार आहे. कॅच कमी येतात तिथे, आणि आले तर उंच येतात, पाहायला वेळ मिळतो.

आम्हाला काय हवे ते आता सांगतो. फार नाही. बुधवारची एक संध्याकाळ, कोणत्याही तंबूचे एक नेट, जमल्यास शिवाजी पार्कला, कारण दादर सगळ्यांच्या वाटेवर पडते. नेट नाहीच मिळाले तर चालेल, पण जुने ओले चेंडू आणि उघडी जागा द्या, आम्ही फक्त कॅच घेऊ. रोलरचा दांडा जोडून मिळावा. मेगाब्लॉकच्या रविवारी पनवेल आणि बदलापूरच्या पाच जणांसाठी एका गाडीचा खर्च क्लबाने उचलावा. चेंडूंचा खर्च आम्ही वर्गणी काढून भागवू, तसे मुलांशी बोलून घेतले आहे. माजी खेळाडूंपैकी जे आज कार्यकारिणीत आहेत त्यांनी एखाद्या रविवारी येऊन आमच्या ओपनरना चेंडू उचलून कसा मारायचा हे दाखवावे. ही विद्या त्यांच्याकडे आहे, अहवालात लिहून ती आमच्यापर्यंत पोचत नाही. आणि सीझन संपल्यावर जी गटात गेलो तर तक्त्यात ते नाव तसेच राहू द्यावे. तिथल्या संघांशी पुढच्या पावसाळ्यात बघू.

अकॅडमीला काही द्यायचेच असेल तर दोन जागा द्या. त्यांची दोन चांगली मुले आमच्याबरोबर खेळू देत, पैसे न घेता, आपल्या कर्णधाराने निवडलेली. बाकी नऊ आमचे. याहून पुढे जायचे असेल तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी आणि खेळणाऱ्या सभासदांना मत द्यावे. त्यासाठी लागणाऱ्या सह्या गोळा करायला आम्ही सुरुवात केली आहे, हे लपवून ठेवत नाही.

पुढचा सामना रविवारी क्रॉस मैदानावर आहे. समोरचा संघ गटात दुसरा आहे. शनिवारी संध्याकाळी अकरा नावे सचिवांच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. बारावा माणूस लागेल, कोणी मोकळे असल्यास पांढरे कपडे आणि स्वतःचे स्पाइक्स घेऊन यावे. डबा आणू नये, वडापाव आमच्याकडून.

आपला,
कर्णधार, कांगा लीग संघ